बांधावरची झोळी आणि गावची अंगणवाडी

आषाढात भातलावणीला तोंड लागले, की कोकणातील आणि मावळातील खेड्यांत दिवस उजाडण्यापूर्वीच घरे रिकामी होऊ लागतात. विदर्भात कापसाची वेचणी सुरू झाली, मराठवाड्यात सोयाबीनची काढणी आली किंवा देशावर ज्वारीची खुरपणी निघाली, की तेथेही हाच प्रकार दिसतो. घरातील कर्ती स्त्री भाकऱ्या बांधून शेतावर निघते. तिच्या डोक्यावर पाटी असते आणि कडेवर वर्ष-दीड वर्षाचे मूल असते. बांधावरच्या बाभळीला किंवा आंब्याच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते आणि मूल तीत निजते. झोका देण्यास सहा-सात वर्षांची थोरली मुलगी बसते. त्या दिवशी तिची शाळा बुडते.

हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्यास नवे नाही. परंतु शेतीचा हिशेब मांडताना त्यातील तोटा सहसा कोणी धरत नाही. बियाणे, खत, औषध आणि मजुरी यांचा खर्च वहीत येतो. झोळीतील मुलाची राहिलेली वाढ आणि झोका देणाऱ्या मुलीची बुडालेली शाळा मात्र वहीत येत नाही. असे असले तरी हा तोटा घरालाच सोसावा लागतो आणि तो एका हंगामापुरता नसतो. यास्तव लहान मुलांच्या संगोपनासाठी शासनाने काय केले, कोठे उणे राहिले आणि गावाने आपल्या हाताने काय करावे, याचा विचार शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

बालवाडी खेड्यात कशी आली

लहान मुलांना शिक्षण असते, ही कल्पनाच आपल्याकडे प्रथम शहरांत रुजली. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले आणि ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासह काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. परंतु शहरातील बालमंदिरासाठी लागणारी साधने महाग होती आणि ती खेड्यातील गरिबास परवडण्यासारखी नव्हती. ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यात वाढतात, त्या देशात बालशिक्षण शहरापुरते राहून चालणार नाही, हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेव्हापासून अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत आलेला अनुभव आजही प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. बालवाडी उघडली म्हणजे मुले आपोआप येतात असे नाही. गरीब वस्तीतील मुले येत नव्हती. कोणाची आई कामावर गेलेली असे, तर कोणास धाकट्या भावंडाला सांभाळावे लागे. काही मुलांना अंगभर कपडा नसे, आणि पुष्कळांना नीटनेटक्या जागेत पाऊल टाकण्याचा संकोच वाटे. तेव्हा ताराबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांची वाट पाहणे सोडले आणि बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी घरापुढील सारवलेले अंगण ही जागा झाली. खडे, पाने, फुले, शंख-शिंपले, काड्या आणि माती हीच साधने झाली. मुलांना हातपाय धुण्याची सवय लावावी, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात, वस्तू मोजाव्यात, त्यांची जुळणी करावी, असा क्रम ठरला. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिला अंगणवाडी हे नाव पडले. पुढे साऱ्या देशाने हाच शब्द स्वीकारला.

कोसबाडचा धडा

१९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील वस्ती मुख्यत्वे वारली आदिवासींची आहे. त्यांची मोठी मुले गुरे राखण्यास जात आणि मुली धाकट्यांना सांभाळीत. शाळा असून नसल्यासारखी होती.

यावर दोन उपाय योजले गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. ही कुरणशाळा होय. मुलींसाठी योजलेला उपाय अधिक मोलाचा ठरला. विकासवाडी या कल्पनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका छपराखाली आणण्यात आली. थोरल्या बहिणीने धाकट्या भावंडास कडेवर घेऊन यावे, त्यास पाळणाघरात ठेवावे आणि आपण शेजारच्या वर्गात बसावे, अशी ही सोय होती. मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर तिच्या कडेवरच होते. ते मूल उतरवून घेताच तिची शाळेची वाट मोकळी झाली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन शासनाने त्यांचा गौरव केला. परंतु कोसबाडच्या धड्याचा अर्धाच भाग देशाने आजवर नीट गिरविला आहे. अंगणवाडी गावोगावी पोहोचली. तिच्या शेजारचे पाळणाघर मात्र मागे राहिले.

शासनाने पत्करलेली जबाबदारी

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. ग्रामसेवकाच्या जोडीने ग्रामसेविका खेड्यात आली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या विस्तार योजनांतून अनेक खेड्यांनी पहिली बालवाडी पाहिली. तथापि ही केंद्रे विखुरलेली होती. कोठे आहार मिळे तर लसीकरण नसे, आणि कोठे खेळ व गाणी असत तर आहार नसे.

१९७४ साली देशाचे बालकविषयक राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. त्यापुढील वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचा आरंभ झाला. देशभरात ३३ प्रकल्प निवडण्यात आले. त्यांतील दोन महाराष्ट्रात होते. एक मेळघाटातील धारणी येथे आणि दुसरा मुंबईत धारावी येथे. सहा वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री आणि स्तनदा माता यांना सहा सेवा एकाच ठिकाणी मिळाव्यात, ही या योजनेमागील दृष्टी होती. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या त्या सहा सेवा होत.

सेवा एकत्र देण्याचे कारण शेतकऱ्यास सहज पटेल. रोपाला केवळ पाणी दिले आणि खत दिले नाही, किंवा खत दिले आणि तण काढले नाही, तर पीक येत नाही. मुलाचेही तसेच आहे. जुलाबाने खंगलेल्या मुलास नुसता आहार देऊन तो अंगी लागत नाही, आणि उपाशी मुलास नुसती गाणी शिकवून त्याची बुद्धी फुलत नाही.

योजना वाढत गेली तरी अनेक वाड्या-वस्त्या तिच्याबाहेर होत्या. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये महत्त्वाचा आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने बालकांचा व मातांचा पोषण आहार हा हक्क ठरविला. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकासाठी दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण त्या कायद्याने घालून दिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस गरम जेवण मिळावे, हा तिचा हेतू होता. पुढे तेथील बालकांसाठी अंडी वा केळी यांचाही तीत समावेश झाला.

शिक्षणाच्या बाजूनेही पाया बदलला. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने बदल झाला. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक बालकाचे संगोपन व शिक्षण करण्याचा प्रयत्न राज्य करील, असे त्यात म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरली. म्हणजे अंगणवाडीतील तीन वर्षे ही पहिली व दुसरी या इयत्तांच्याच पंक्तीला आली.

तीन वर्षांखालील मुलाचे काय

एवढे सारे झाले, तरी बांधावरची झोळी अजून सुटलेली नाही. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण वेळेचे आहे. अंगणवाडी दिवसातील काही तास भरते. शेतीचा दिवस त्याहून फार मोठा असतो. मजुरीवर गेलेली आई दुपारी मूल घरी आणण्यास येऊ शकत नाही. मुलास सांभाळणारे आजी-आजोबा घरी असतील तर निभते. नसतील तर त्या मुलाचे नाव अंगणवाडीच्या हजेरीपटावर असते आणि ते स्वतः शेतात असते.

दुसरे कारण वयाचे आहे. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात. त्याहून धाकट्यांसाठी मुख्यतः घरी नेण्याचा शिधा मिळतो. परंतु मुलाची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती पहिल्या दोन वर्षांतच. पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध हवे. त्यानंतर अंगावरच्या दुधाच्या जोडीने मऊ, घट्टसर वरचा आहार दिवसातून अनेक वेळा, थोडा थोडा भरवावा लागतो. लहान मुलाचे पोट लहान असते. मोठ्या माणसासारखे दोन वेळा जेवून ते भागत नाही. आता जी स्त्री सकाळपासून सायंकाळपर्यंत निंदणी करते, तिने हे कधी करावे? घरात नाचणीचे पीठ आहे, वरण आहे, शेंगदाणे आहेत. पण भरविणारा हात नाही. पुष्कळ घरांत मूल खंगते ते धान्याच्या अभावी नव्हे, तर वेळेच्या अभावी, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. अशा आईस नुसता उपदेश करून काही साधत नाही.

शिवाय शेत ही तान्ह्या मुलास सुरक्षित जागा नव्हे. उघडी विहीर, शेततळे, विंचू-सर्प, ऊन आणि पाऊस यांचे भय तर आहेच. फवारणी चालू असलेल्या शेताच्या बांधावर मूल निजविणे हे त्याहूनही धोक्याचे आहे. औषधाचा अंश वाऱ्याबरोबर झोळीपर्यंत येतो आणि मोठ्या माणसास जे सोसते ते लहान देहास सोसत नाही.

कायदा आणि शेत

काम करणाऱ्या स्त्रीच्या मुलाची सोय मालकाने करावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात जुने आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या ३० वर आणण्यात आली. १९५१ च्या मळे कामगार कायद्याने चहा-कॉफीच्या मळ्यांवर असेच बंधन घातले. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, अशी तरतूद झाली.

परंतु या सर्व तरतुदी मोठ्या आस्थापनेच्या फाटकाशी थांबतात. शेताला फाटक नसते आणि मजूर बाईचा मालक रोज बदलतो. स्वतःच्या शेतात राबणाऱ्या शेतकरी स्त्रीस तर मालकच नाही. तिच्या बाळंतपणासाठी २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी देण्याची सोय झाली. ही मदत उपयुक्त आहे, पण २६ आठवड्यांच्या विश्रांतीची जागा ती घेऊ शकत नाही.

रोजगार हमीच्या कामांपुरता एक चांगला पायंडा पडला होता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्याकडे पाहण्यासाठी मजूर स्त्रियांपैकीच एकीस नेमावे आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यावी, अशी तरतूद करण्यात आली. मूल सांभाळणे हेही काम आहे आणि त्यास दाम आहे, हे या तरतुदीने मान्य केले. कोणत्याही ग्रामपंचायतीने ध्यानी धरावे असे हे तत्त्व आहे.

पाळणाघरांसाठी स्वतंत्र योजनाही झाल्या. २००६ साली काम करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी राष्ट्रीय पाळणाघर योजना आली. सुमारे २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस, महिन्यातून २६ दिवस आणि दिवसाचे साडेसात तास, असा तिचा साचा होता. २०२२ साली मिशन शक्तीच्या अंतर्गत तिला ‘पाळणा’ हे नाव मिळाले आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. कोसबाडच्या टेकडीवर जे एका छपराखाली आणले गेले होते, तेथेच धोरण इतक्या वर्षांनी परतले आहे.

ऊसतोडीस जाणारी कुटुंबे

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतील कोरडवाहू गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, या हिशेबाने उचल घेतलेली असते. मजुरी जोडीची असल्यामुळे बाईला मागे राहता येत नाही आणि आई गेली की तान्हे मूलही जाते. पुढील चार-पाच महिने त्याचे घर म्हणजे कारखान्याच्या तळावरील कोपी होय. पहाटेच्या थंडीत ते उसाच्या फडात पाचटावर निजते.

गावी त्याचे नाव अंगणवाडीत असते, तळावर नसते. लसीचा एखादा डोस चुकतो, वजन घेतले जात नाही आणि शिधा बंद पडतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ साली स्थलांतरितांची संगणकीय नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. कुटुंब निघताना त्याची नोंद व्हावी आणि ते जेथे पोहोचेल तेथील अंगणवाडीने त्यास सेवा द्यावी, हा तिचा उद्देश. परंतु नोंद करणारे माणूसच असते. गाडी निघण्यापूर्वी मुलाचे नाव, वय आणि लसीकरणाचे कार्ड पाहिले गेले नाही, तर यंत्र काही करू शकत नाही. ज्या गावात ऊसतोड कुटुंबे उतरतात, तेथील बागायतदारानेही ही मुले आपल्या शिवारातील आहेत असे मानावे. ज्याचा ऊस तोडला जात आहे, त्याने तळावरील मुलांना जवळच्या अंगणवाडीची वाट दाखविण्यास खर्च पडत नाही.

गावाने काय करावे

शासनाची योजना येईपर्यंत थांबावे, असे नाही. पुढील गोष्टी गावाच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट गणतीची. हंगाम सुरू होण्यापूर्वी सरपंच, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी मिळून घरोघर फिरावे. तीन वर्षांखालील मुले किती, त्यांतील कितींच्या आया शेतावर जातात आणि कितींच्या थोरल्या बहिणी शाळा बुडवितात, याची यादी करावी. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आकडा डोळ्यांपुढे आला की मागणीला जोर येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. केवळ हळदीकुंकवाच्या कार्यक्रमावर तो संपवू नये. लावणी-काढणीच्या दोन-तीन महिन्यांसाठी हंगामी पाळणाघर चालवावे आणि सांभाळणाऱ्या दोघी स्त्रियांना मानधन द्यावे, यासाठी त्याचा विचार व्हावा. बचत गटांनी यात पुढाकार घेतल्यास काम सुकर होते.

तिसरी गोष्ट जागेची. जागा शक्यतो अंगणवाडीलगत असावी. भक्कम छप्पर, कोरडी जमीन, झाकलेले पिण्याचे पाणी, हात धुण्यास साबण आणि दाराला अडसर एवढे तरी हवेच. जवळ उघडी विहीर वा हौद नसावा. कडधान्ये, चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू मोठ्या मुलांना मोजण्यास चांगल्या. परंतु तीन वर्षांखालील मुले त्या नाका-तोंडात घालतात, म्हणून त्यांच्यापासून दूर ठेवाव्यात. त्यांना लाकडी चमचे, वाट्या आणि कापडाचे चेंडू पुरतात.

चौथी गोष्ट आहाराची. नाचणीची लापशी, मऊ खिचडी, घट्ट वरण-भात, उकडलेले अंडे, कुस्करलेले केळे आणि शेंगदाण्याचे बारीक कूट हे पदार्थ आलटून पालटून द्यावेत. जेवणात चमचाभर तेल वा तूप घालावे. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईस दुपारी पाजण्यासाठी सुटी मिळावी, असे शेतमालकांनी आपसांत ठरवावे. अर्ध्या तासाने निंदणी मागे पडत नाही.

पाचवी गोष्ट वजनाची. प्रत्येक मुलाचे वजन दरमहा घ्यावे आणि आईला वाढीची रेघ दाखवावी. रेघ आडवी होऊ लागली, की आजार दिसण्यापूर्वीच आरोग्य केंद्र गाठावे. पिवळे पडू लागलेले पान पाहून शेतकरी जसा वेळीच धावतो, तसेच येथेही धावले पाहिजे.

आणि सहावी गोष्ट, पाळणाघर होईपर्यंतची. मूल शेतावर न्यावेच लागले, तर फवारणीच्या दिवशी नेऊ नये. औषधाचा रिकामा डबा वा बाटली पाण्यासाठी कधीही वापरू नये. झोळी विहिरीपासून दूर, सावलीत आणि मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात बांधावी. सहा वर्षांच्या मुलीस राखणदार मानू नये. तीही मूलच आहे.

सेविकेचा मान

या साऱ्याचा भार शेवटी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्यावर येतो. वजन घेणे, शिजविणे, शिकविणे, घरभेटी देणे आणि नोंदी ठेवणे ही कामे त्या मानधनावर करीत आल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उपदान मिळण्यास पात्र आहेत, असा निर्णय दिला. त्यांचे काम ही केवळ हौशी समाजसेवा नव्हे, हे त्यामुळे मान्य झाले. गावानेही ते मान्य करावे. पाळणाघराचे वाढीव तास सेविकेच्या माथी फुकट मारू नयेत. त्यासाठी वेगळे हात आणि वेगळे मानधन असावे.

अंगणवाडीचा जन्म कोणत्याही कचेरीत झाला नाही. मुले येत नाहीत, तर आपण त्यांच्या अंगणात जावे, एवढ्या साध्या विचारातून तो झाला. आज सोय अपुरी पडते ती अंगणात नव्हे, बांधावर पडते. येत्या हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत बियाणे व खते यांच्याबरोबर हाही विषय मांडला जावा. झोळीतील मूल छपराखाली आले, की झोका देणारी मुलगी आपोआप शाळेच्या वाटेला लागेल, आणि शेतात वाकलेल्या आईचे मनही कामावर ठरेल.